आधी टीएसएच, मग स्टॅटिन: डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं प्रकरण

रुग्ण 52 वर्षांच्या, गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, इथेही तेच म्हणू.

बाई माझ्याकडे आल्या त्या कोलेस्टेरॉलसाठी नव्हे, पायांसाठी. जिना चढवत नव्हता, उकिडवं बसलं की उठताना भिंतीचा आधार लागत होता. "डॉक्टर, फळ्यावरच्या वरच्या ओळीपर्यंत हात जात नाही हो," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला त्यांच्या खांद्याच्या आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंबद्दल शंका आली. पिशवीत रक्ताचे दोन अहवाल होते. पहिला एका आरोग्य शिबिरातला: एकूण कोलेस्टेरॉल 318, ट्रायग्लिसराइड 210, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 54, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 222. (हे आणि पुढचे चरबीचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर.) त्यावरून त्यांना दुसरीकडे अटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन गटातलं, कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध 40 मिलिग्रॅम सुरू झालं होतं. दुसरा अहवाल सहा आठवड्यांनंतरचा. त्यात एलडीएल 159 वर आलेलं, म्हणजे औषधाने आपलं काम केलं होतं. पायांचं दुखणं मात्र त्याच सहा आठवड्यांत वाढत गेलं होतं.

दोन्ही अहवालांत टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की रक्तात चढणारं संप्रेरक, कुठेच नव्हता, आणि हे प्रकरण लिहावंसं वाटण्याचं कारण तेच आहे. कोलेस्टेरॉल एवढं चढलेलं दिसलं की औषध लिहिण्याआधी ते दुसऱ्या एखाद्या आजारामुळे तर चढलेलं नाही ना, हे बघायचं असतं. थायरॉइड मंदावणं, मधुमेह, लघवीतून प्रथिनं जाणारा मूत्रपिंडाचा विकार, पित्ताचा अडथळा, स्टेरॉइडसारखी काही औषधं ही त्यातली मुख्य कारणं. यातलं थायरॉइड सर्वांत जास्त वेळा सापडतं, शोधायला सर्वांत सोपं, आणि त्याची तपासणी काही शे रुपयांत होते. पन्नाशीच्या बाईच्या बाबतीत ती न करता स्टॅटिन सुरू करणं मला पटत नाही.

दरम्यान घरात आणखी एक गोष्ट झाली होती. शिबिरातला आकडा ऐकल्यापासून बाईंनी नारळ बंद केला होता. हुमण (नारळाच्या रसातलं माशांचं कालवण) बंद, सोलकढी बंद, तळलेला बांगडा तर दूरच. सकाळी कोरडी चपाती आणि रात्री उकडलेली भाजी. गोव्यातल्या घरात नारळ बंद होतो तेव्हा सगळ्यांचंच जेवण बदलतं, आणि घरचेही महिनोन्महिने तेच जेवत होते. एवढं करूनही वजन चार किलोंनी वाढलं. बाईंना वाटत होतं, आपल्याकडूनच पथ्य मोडतंय. चोरून काही खात असाल, असं कुणीतरी त्यांना बोललंही होतं. चूक नसताना माणूस स्वतःला असा दोष देत बसतो, ते पाहवत नाही.

तपासणीत काय दिसलं

चेहरा किंचित सुजल्यासारखा, आवाज घोगरा, कातडी कोरडी, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. नाडी मिनिटाला 54. रक्तदाब 146/96, म्हणजे खालचा आकडा जास्त चढलेला. थायरॉइड मंदावल्यावर रक्तदाबाचा हा नमुना पुष्कळदा दिसतो, कारण रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात. गळ्याला थायरॉइड थोडी टणक आणि वाढलेली लागत होती. सगळ्यांत बोलकी खूण टाचेवरच्या कंडरेवर मिळाली. हातोडी मारली की पाऊल झटकन खाली गेलं, पण जागेवर परतायला त्याने वेळ लावला. एवढं पाहिलं की निदानाची दिशा ठरते, रक्त मग फक्त दुजोरा देतं.

खोलात विचारल्यावर बाकीचं बाहेर आलं. मे महिन्यातल्या घामट रात्रीही त्या पंखा बंद करायला लावायच्या, त्यावरून घरात कुरबुर व्हायची. बद्धकोष्ठ होता, दुपारी शाळेतून आल्यावर डोळे उघडे ठेववत नव्हते. दोन वर्षांपूर्वी पाळी गेली होती, त्यामुळे या सगळ्याला "ह्या वयात होतंच" हे एकच उत्तर मिळत आलं होतं. वडील 54 व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, हेही तेव्हाच समजलं. ही माहिती पुढे फार कामाला आली.

रक्तात टीएसएच 86 निघाला. प्रयोगशाळेची वरची मर्यादा साडेचारच्या आसपास असते. फ्री टी4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, 0.3, अगदी तळाला. थायरॉइडविरुद्धची अँटी-टीपीओ प्रतिपिंडं भरपूर. निदान हाशिमोतोचा आजार: शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडला हळूहळू निकामी करते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यवैद्याने 1912 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. स्नायूंतून रक्तात येणारं सीके हे द्रव्य 1,120 होतं. स्त्रियांत ते साधारण 170 च्या आत असावं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, हिमोग्लोबिन 10.4. ईसीजीतल्या रेघा ठेंगण्या. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) केलेल्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती जरासं पाणी दिसलं, हृदयाचं आकुंचन ठीक होतं. थायरॉइडअभावी फुगलेल्या आणि मंदावलेल्या हृदयाचं वर्णन हेरमान झोंडेक या जर्मन वैद्याने 1918 मध्येच केलं होतं. थायरॉइड आणि हृदय यांचं नातं वैद्यकाला इतकं जुनं ठाऊक आहे.

दोन तपासण्या मी मुद्दाम जोडून घेतल्या: अपोबी, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन, आणि लायपोप्रोटीन(ए), म्हणजे एलडीएलसारखाच पण आनुवंशिक असा एक कण. उपचार सुरू व्हायच्या आधीचा त्यांचा आकडा हाती असावा, असं मला वाटलं. स्टॅटिन बंद करून काही आठवडे गेल्यावर रक्त घेतलं. अपोबी 168, लायपोप्रोटीन(ए) 94, आणि एलडीएल पुन्हा 220 च्या घरात.

थायरॉइड मंदावला की चरबी का चढते

कोलेस्टेरॉल एकट्याने रक्तात फिरत नाही. त्याला वाहून नेणारे कण असतात, आणि एलडीएलच्या प्रत्येक कणावर अपोबी हे प्रथिन बरोबर एक असतं. रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या धक्क्यावर उभं राहिलं तर हे लगेच कळतं: कोलेस्टेरॉल म्हणजे प्रवासी, अपोबी म्हणजे बोटींची संख्या. नदीत गर्दी होते ती बोटींमुळे. यकृताच्या पेशींवरचे एलडीएल ग्राही म्हणजे धक्के, बोटी तिथे लागतात आणि रिकाम्या होतात. थायरॉइडचं टी3 हे संप्रेरक या ग्राहींचं उत्पादन वाढवतं. ते कमी पडलं की धक्के बंद पडत जातात आणि बोटी नदीतच फिरत राहतात.

हे ग्राही शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. स्टॅटिनही शेवटी याच ग्राहींची संख्या वाढवून एलडीएल उतरवतात. म्हणजे बाईंच्या शरीरात जी वाट संप्रेरकाअभावी बंद झाली होती, तीच गोळीने ढकलून उघडायचा प्रयत्न चालला होता. थोडीफार उघडलीही, पण त्याची किंमत स्नायूंनी मोजली.

इथे एक फसवी गोष्ट आहे. थायरॉइड कमी असताना यकृत कोलेस्टेरॉल जास्त बनवत नसतं, उलट थोडं कमीच बनवतं. चढतं ते निचरा मंदावल्यामुळे. कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर करणारं यकृतातलं विकरही (एन्झाइम) टी3 वर चालतं, तेही थंडावतं. ट्रायग्लिसराइड फोडणारं लायपेज हे विकर सुस्तावतं, म्हणून 210. आणि एचडीएल मात्र नेहमीसारखं किंवा किंचित जास्तच दिसू शकतं, कारण एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांना देणारं प्रथिनही कमी पडतं. बाईंच्या पहिल्या अहवालावर 54 पुढे बरोबरची खूण होती, आणि "चांगलं कोलेस्टेरॉल चांगलं आहे" असा दिलासाही त्यांना मिळाला होता. अशा रुग्णात त्या दिलाशावर विसंबू नये. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. बाईंचं ते 264 येत होतं, आणि खरी काळजी त्या आकड्याची.

पायांचं उत्तरही इथेच आहे. थायरॉइडच्या अभावाने स्नायू स्वतःच दुखावतात, सीके वाढतं. त्यात स्टॅटिनची भर पडली की त्रास दुप्पट, क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंडावर संकट येतं. मी स्टॅटिन थांबवलं. पण फाइलवर "स्टॅटिन सोसत नाही" असा शेरा लिहिला नाही. हा शेरा एकदा बसला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तो वाचून हात आखडता घेतो, आणि माणूस आयुष्यभर एका उपयोगी औषधाला मुकतो. मी लिहिलं: "थायरॉइड दुरुस्त झाल्यावर पुन्हा विचार करावा."

गोळी सुरू, आणि अडकलेला टीएसएच

वजन 64 किलो. थायरॉइडच्या गोळीची (लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी4) पूर्ण मात्रा दर किलोला साधारण 1.6 मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे 100 च्या आसपास. पण पन्नाशी उलटलेली, वडिलांचा इतिहास असा, आणि उपचार न झालेल्या, चढलेल्या चरबीची किती वर्षं मागे होती ठाऊक नाही. झोपलेल्या हृदयाला एकदम दामटलं तर छातीत दुखू शकतं, ठोके बिघडू शकतात. म्हणून 25 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं.

बाईंच्या यजमानांनी नेमका प्रश्न विचारला: "मग तोपर्यंत कोलेस्टेरॉल तसंच सोडायचं?" हा प्रश्न योग्य होता. धमन्यांत चरबी साठते ती वर्षानुवर्षांच्या साचण्यातून. मधले काही महिने धोका पत्करता येतो, कारण त्या बदल्यात दोन गोष्टी मिळतात. स्नायू सावरतात, आणि चरबीतला थायरॉइडचा वाटा किती व बाईंचा स्वतःचा किती, हे वेगळं दिसतं. एखाद्याला आधीच झटका येऊन गेलेला असता तर मी इतकं निवांत थांबलो नसतो.

पहिले महिने सुखाचे गेले. चेहऱ्यावरची सूज ओसरली, आवाज मोकळा झाला, बद्धकोष्ठ गेला. नंतर गाडी अडली. मात्रा 100 वर नेऊनही टीएसएच 19 च्या खाली येईना. अशा वेळी मात्रा आणखी वाढवायचा मोह होतो. त्याआधी गोळी नेमकी कशी घेतली जाते, ते सकाळ उठल्यापासून क्रमाने सांगायला लावावं. बाईंनी सांगितलं: पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की पाव घ्यायचा, चहा ठेवायचा, आणि चहाबरोबर तीन गोळ्या. थायरॉइडची, कॅल्शियमची, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची. विसरायला नको म्हणून तिन्ही एकाच डबीत.

कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, ती रक्तात शिरू देत नाहीत. चार तासांचं अंतर हवं. चहा आणि पावानेही शोषण घटतं. शिवाय ती डबी गॅसजवळच्या फळीवर असायची. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल यांना नाजूक असते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या डबीतलं मीठसुद्धा पाणावतं. ती मूळ बाटलीतच, घट्ट झाकणाखाली, कोरड्या कपाटात ठेवायला सांगितली. नवा क्रम ठरला: पहाटे उठल्यावर पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी, चहा तासाभराने, लोह दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम रात्री. मात्रा तीच ठेवली. पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, कारण टी4 चं अर्धं प्रमाण उतरायलाच आठवडा लागतो आणि टीएसएच त्याच्याही मागून हळूहळू येतो. दर पंधरा दिवसांनी टीएसएच करून पैसे घालवणारे रुग्ण मी पाहतो, त्यातून काहीच कळत नाही.

टीएसएच 3.1 वर आला.

काय उतरलं, काय उरलं

त्याच वेळचा चरबीचा अहवाल: एकूण 226, ट्रायग्लिसराइड 118, एचडीएल 51, एलडीएल 151. स्टॅटिनचा एक कणही पोटात नसताना एलडीएल 222 वरून इथे आलं होतं. सीके 140. फळ्याच्या वरच्या ओळीला हात पोचू लागला. इकोमधलं पाणी गेलं, क्रिएटिनिन जागेवर आलं, रक्तदाब 132/84. नारळही घरात परतला. जपून वापरा, तळण कमी ठेवा, पण हुमण करा, असं मी सांगितलं. नारळातल्या संपृक्त चरबीने एलडीएल थोडं वाढतं हे खरं, मात्र 222 हा आकडा नारळाने आलेला नव्हता.

पुष्कळदा इथेच समाधान मानलं जातं. "थायरॉइडमुळे होतं, गोळी घ्या, सुटलं." बाईंच्या बाबतीत ते सुटलेलं नव्हतं. अपोबी 168 वरून 122 वर आलं होतं, पण 122 हे काही कमी नाही. आणि लायपोप्रोटीन(ए) 94 वरून 78 वर. थायरॉइड दुरुस्त झाल्यावर ते काही अंशी उतरतं, तेवढं उतरलं. उरलेलं 78 आई-वडिलांकडून आलेलं. 50 च्या वर ते धोक्याचं धरतात, आणि जगभरात साधारण पाच माणसांमागे एकाचं ते तसं असतं. जेवणाने, चालण्याने ते फारसं हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही. वडिलांच्या 54 व्या वर्षाचा अर्थ मला या आकड्यात दिसला. त्याची खात्री करून घ्यायची सोय आता उरलेली नाही, पण बाईंचा धोका ठरवताना मी दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या.

एक बारकावा सांगतो. नेहमीच्या अहवालातलं एलडीएल बहुधा मोजलेलं नसतं, 1972 च्या फ्रीडवॉल्ड सूत्राने काढलेलं असतं: एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. लायपोप्रोटीन(ए) मधलं कोलेस्टेरॉलही त्या आकड्यातच मिसळलेलं असतं. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं तर सूत्र चालतच नाही. थायरॉइडच्या रुग्णात ट्रायग्लिसराइड चढलेलं असतं, म्हणून अशा ठिकाणी अपोबी जास्त भरवशाचं.

उरलेल्या चरबीसाठी थायरॉइडचीच मात्रा वाढवावी का, असं बाईंनी विचारलं. नाही. हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. हृदयविकार झालेल्या पुरुषांना कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी डेक्स्ट्रोथायरॉक्सिन हा थायरॉइड संप्रेरकाचाच एक प्रकार देऊन पाहिला, कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू वाढताना दिसले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते औषध त्या चाचणीतून काढून टाकावं लागलं. जादा थायरॉइडने हृदयाचे ठोके बिघडतात आणि पाळी गेलेल्या स्त्रीची हाडं झिजतात. वजन उतरवायला ही गोळी घेणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

याची दुसरी बाजूही आहे. टीएसएच 6, टी4 व्यवस्थित आणि एलडीएल 165, असे रुग्ण बाईंसारख्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त येतात, आणि त्यांना वाटतं की थायरॉइडची गोळी घेतली की कोलेस्टेरॉलचं काम झालं. एवढ्या सौम्य बिघाडात गोळीने एलडीएल फारतर दहाएक अंकांनी उतरतं. हृदयविकाराचा धोका ठळकपणे वाढलेला दिसतो तो टीएसएच 10 च्या वर गेल्यावर. अशा रुग्णाच्या कोलेस्टेरॉलचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा, त्याला थायरॉइडच्या आडोशाला ठेवू नये. वय 65 च्या पुढे असेल तर सौम्य बिघाडावर गोळी द्यावी की नाही, हाच आधी प्रश्न. 2017 च्या ट्रस्ट चाचणीत अशा वृद्धांच्या थकव्यात आणि थायरॉइडच्या तक्रारींत गोळीने फरक पडला नाही.

बाई स्टॅटिनला घाबरत होत्या, आणि त्यांचं घाबरणं रास्त होतं. पण आताचे स्नायू पूर्वीचे नव्हते. रोसुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅमने सुरुवात केली, दुखलं तर त्याच दिवशी बंद करून फोन करायचा या बोलीवर. दुखलं नाही, सीके हललं नाही. मग 10. एलडीएल 86. लायपोप्रोटीन(ए) उतरवता येत नसेल तर बाकीचं अधिक खाली न्यायचं, या हिशेबाने एझेटिमाइब 10 मिलिग्रॅम जोडलं, ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करतं. एलडीएल 68, अपोबी 71. आता टीएसएच आणि चरबी वर्षातून एकदा, मध्ये मात्रा बदलली तर लवकर.

लायपोप्रोटीन(ए) कुटुंबात चालत येतं, म्हणून बाईंच्या मुलीला आणि म्हापशाच्या धाकट्या भावालाही रक्त द्यायला बोलावलं. मुलीचं ठीक निघालं. तिला फक्त गरोदरपणाचा विचार असेल तेव्हा आधी टीएसएच करायला सांगितलं, कारण हाशिमोतोही घराण्यात फिरतो. भावाचं वय 47, तक्रार काहीच नाही, आजवर एकही तपासणी नाही. त्यांचं लायपोप्रोटीन(ए) 110, एलडीएल 148, टीएसएच 2.2. त्यांच्या बाबतीत आधी दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. स्टॅटिन त्याच आठवड्यात सुरू केलं.